हाक ऐकू यायला हवी

परवा पुण्याहून एका मित्राचा फोन आला होता. नवीन डेस्कटॉप घेतोय म्हणाला. प्रोसेसर कोणता, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड घ्यावं की नाही, सगळं विचारून झालं. मी विचारलं, "आवाज किती करतो?" तो हसला. म्हणाला, "अरे, आवाजाचं काय घेऊन बसलास? हेडफोन लावायचे!"

दोन-तीन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो.

तर झालं असं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा मी पुण्यातच अडकलो होतो. पुढे प्रवास सुरू झाल्यावर डेस्कटॉप गाडीत घालून घाटनांदूरला आलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अंबाजोगाई तालुका, बीड जिल्हा, परळी ते लातूर रोड या रेल्वेमार्गावरचं स्टेशन. ऑफिसने नंतरही घरून काम करायची परवानगी चालू ठेवली, म्हणून महिन्यातले पंधरा दिवस तरी मी इथेच असतो. अण्णांना मध्यंतरी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. आता काठी घेऊन चालतात, पण आवाज पार खोल गेलाय. शाळेत शिकवताना शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आता शेजारच्या खोलीत जेमतेम येतो.

मे महिन्यातली रात्र होती. मी बिल्ड लावून बसलो होतो आणि पंखे घोंघावत होते. मध्येच पाणी प्यायला उठलो, तर अण्णा पलंगाच्या कडेला एका हाताने खिडकीचा गज धरून बसलेले. मला बघून एवढंच म्हणाले, "हाक मारायलोय किती येळ झाला." पडले नाहीत हे नशीब. आई जागी झाली आणि तिने कॅबिनेटकडे बघून विचारलं, "घरात गिरणी बसवलीस का रं?"

त्या रात्री पहिल्यांदा मी माझ्या मशीनचा आवाज नीट ऐकला. पुण्यात तो कधी कळलाच नव्हता, कारण तिथे खिडकीखाली रस्ता होता. इथे रात्री रेल्वे गेली की तिची शिट्टी, एखादं कुत्रं, नाहीतर काहीच नाही. त्या शांततेत पंख्याची सलग घरघर बारीक आवाज गिळून टाकते. मोठा आवाज कसाही ऐकू येतोच. बुडतो तो खोल गेलेला आवाज.

माझं म्हणणं सोपं आहे. शांत कॉम्प्युटर ही हौस नाही, घरात माणसं राहतात याची ती जाणीव आहे. आणि त्यासाठी महागडं सामान लागतं हा निव्वळ गैरसमज आहे.

मुळात आवाज का होतो ते बघू. प्रोसेसर तापतो, म्हणून पंखा फिरतो. ६५ वॅटचा प्रोसेसर असेल आणि कूलर दर वॅटमागे ०.४ अंश तापमान वाढू देत असेल, तर प्रोसेसर खोलीपेक्षा २६ अंश गरम राहणार. पुण्याच्या एसी ऑफिसात २४ अधिक २६, म्हणजे ५०. मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या खोलीत ३८ अधिक २६, म्हणजे ६४! मशीन तेच, काम तेच, पण बायोसमधल्या पंख्याच्या आलेखाला वाटतं की काहीतरी भयंकर चाललंय, आणि तो पंखा पिटाळतो. हा आलेख कंपनीने कुठल्यातरी थंड खोलीचा विचार करून ठरवलेला असतो. तो आपल्या खोलीप्रमाणे बदलायला पैसे पडत नाहीत, एक संध्याकाळ पडते.

दुसरी गोष्ट म्हणजे वेग. पंख्याचा वेग निम्मा केला तर त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो, यावरून अंदाज करा. हवाही निम्मी होते हे खरं, पण म्हणूनच मोठा पंखा लावायचा. १२० मिलिमीटरच्या पंख्याचं क्षेत्रफळ ८० मिलिमीटरवाल्याच्या सव्वादोनपट असतं, त्यामुळे तेवढीच हवा तो सावकाश फिरून देतो. लॅपटॉपवाल्यांनी फार हसू नये. त्यांचा चिमुकला पंखा याच कारणाने किंचाळतो :)

आणि सगळ्यात मोठा उपाय म्हणजे उष्णताच कमी करणे. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली की बहुतेक मशीनवर टर्बो बंद होतो. टर्बोमध्ये वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे शेवटचा थोडासा वेग सगळ्यात जास्त उष्णता देऊन विकत घ्यावा लागतो. माझा चार मिनिटांचा बिल्ड आता पाच मिनिटांचा झालाय. त्या एका मिनिटात मी अण्णांना पाणी देऊन येतो.

आता खास आपल्याकडची गोष्ट. ऑक्टोबरमध्ये इथे सोयाबीनची मळणी चालते आणि भुसकट घरभर होतं. ते हीटसिंकच्या पातळ पात्यांमध्ये जाऊन बसतं, हवा अडते आणि पंखा जोर लावतो. वर्षातून दोनदा साफ करा. प्लग काढून, कॅबिनेट अंगणात नेऊन ब्लोअर मारायचा. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. जुना पंखा करकरत असेल तर मागचं स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकून बघा. बऱ्याचदा त्याला आणखी एक वर्ष मिळतं.

माझ्या मशीनमधला सगळ्यात त्रासदायक आवाज पंख्याचा नव्हताच, हे मला फार उशिरा कळलं. वर्तमानपत्राची सुरळी करून कानाला लावली आणि एकेक भाग ऐकत गेलो. (डॉक्टरांसारखं. आईला वाटलं पोरगं कामातून गेलं.) दोषी निघाली जुनी हार्ड डिस्क. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. तेवढ्याच कंपनाची हुंकारी ती कॅबिनेटला देत होती, कॅबिनेट लोखंडी टेबलाला, आणि ते पोकळ टेबल ढोलासारखं वाजत होतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे कॅबिनेटच्या पायांखाली घातले. खर्च शून्य, आणि हुंकारी गेली. पुढे एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारं काही नसतंच. जुनी डिस्क आता फक्त बॅकअपला जोडतो.

इथे एक हिशोब लक्षात ठेवा. सारख्या आवाजाचे दोन पंखे असतील आणि एक बंद केला, तर फक्त ३ डेसिबल कमी होतात. म्हणून जो आवाज सगळ्यात मोठा आहे त्याचा बंदोबस्त आधी करायचा. लहान आवाजांमागे लागून वेळ फुकट जातो. प्रोग्राम फास्ट करतानाही आपण हेच करतो ना? आधी मोजायचं, मग हात घालायचा.

काही जण कॅबिनेट कपाटात कोंबतात, त्याला चादर गुंडाळतात. असं करू नका. उष्णता आत साठते आणि पंखे आणखी ओरडतात. बऱ्याच कॅबिनेटमध्ये पॉवर सप्लाय खालून हवा घेतो, तेव्हा गादी-सतरंजीवरही ठेवू नका.

आता मित्राच्या हेडफोनबद्दल. हेडफोन लावून मशीनचा आवाज जात नाही, फक्त माझ्यापुरता जातो. शेजारी झोपलेल्याला तो ऐकू येतच राहतो, आणि मला मात्र घर ऐकू येईनासं होतं. आपण इंजिनिअर लोक मिलिसेकंद मोजतो, फ्रेम मोजतो, पण आपल्या कामामुळे बाजूच्या खोलीत काय होतंय ते मोजत नाही. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, त्यात निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पण घराच्या आतला नियम सरकार लिहून देणार नाही. तो ज्याचा त्यानेच करायचा.

माझा नियम मी केलाय. डेसिबल मीटर वगैरे काही नाही. अण्णांच्या खोलीत भिंतीवर जुनं घड्याळ आहे. माझ्या खुर्चीत बसून, मशीन चालू असताना, त्याची टिकटिक ऐकू आली पाहिजे. गेल्या मे महिन्यात, बिल्ड चालू असताना, पहिल्यांदा ऐकू आली.

त्यानंतर आठवड्याभराने रात्री साडेबाराला आतून हाक आली. पहिल्याच हाकेला मी उठलो. अण्णांना फक्त वेळ विचारायची होती.

असो. मित्राला एवढं सगळं फोनवर सांगता आलं नाही, म्हणून लिहून काढलं. त्याचेही वडील आता सत्तरीच्या पुढे आहेत.