मुरघासाच्या मक्याआधी ओट-बरसीम: बेवड खरंच मिळतो का?

डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आणली आणि इथेनॉल प्रकल्पांची मागणी मक्याकडे वळली. मक्याखालचे क्षेत्र वाढले. 2025-26 साठी हमीभाव क्विंटलला 2,400 रुपये झाला, पण त्याच हंगामात काढणीच्या वेळी अनेक बाजारांत दर त्याखाली राहिले. शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर या दुधाच्या पट्ट्यात मात्र बराच मका बाजारात जातच नाही, तो मुरघासात जातो. त्यामुळे इथे दरापेक्षा मोठा प्रश्न जमिनीचा आहे.

मुरघास जमिनीतून काय नेतो?

दाण्याच्या मक्यात कणीस घरी येते आणि धाटे शेतात ठेवता येतात. मुरघासासाठी सगळे झाड बुडापासून उचलले जाते. एकरी 15 टन हिरवा मका धरू. त्यात 30 टक्के शुष्क पदार्थ म्हणजे साडेचार टन. प्रथिने 8 टक्के धरली, तर एकरातून सुमारे 57 किलो नत्र बाहेर जाते. हे 45 किलोच्या पावणेतीन गोण्या युरियातील नत्राएवढे आहे. पालाश बहुतांश धाटातच असते, तेही जाते. वर्षात दोनदा मका घेतला की हा खर्च दुप्पट होतो. सलग मक्यामुळे 2018 पासून आपल्याकडे ठाण मांडलेल्या लष्करी अळीलाही वर्षभर खाद्य मिळते.

थंडीतला पर्याय

थंड देशांत मक्याआधी गवत आणि क्लोव्हर यांचे मिश्रण हिवाळ्यात घेतात. बरसीम हे क्लोव्हरच आहे आणि गवताच्या जागी आपल्याकडे ओट आहे. आपला नेहमीचा लसूणघास एकदा पेरला की दोन-तीन वर्षे जागा अडवतो. बरसीम उन्हाळा लागताच संपते, म्हणून फेरपालटात ती सोयीची.

पण एक फरक लक्षात घ्या. तिकडे हिवाळा संपला की लगेच मका पेरतात. आपल्याकडे खरिपाचा मका जूनमध्ये, म्हणजे मध्ये तीन महिने ऊन. मार्चमध्ये गाडलेला पाला उन्हात कुजून जातो आणि पहिल्या जोरदार पावसात त्यातले नत्र पिकाच्या मुळांखाली वाहून जाऊ शकते. त्यामुळे या बेवडाचा खरा फायदा मार्चमध्ये लागलीच पेरलेल्या उन्हाळी चाऱ्याच्या मक्याला होतो.

शेवटची वाढ शेतातच

“बरसीम घेतली की जमीन सुधारते” हे अर्धेच खरे आहे. बरसीमच्या एक टन हिरव्या चाऱ्यात साधारण 4 किलो नत्र असते. प्रत्येक कापणी गोठ्यात गेली आणि शेण दुसऱ्याच शेतात पडले, तर या शेताला उरतात फक्त मुळे आणि खुंट. म्हणून दोन-तीन कापण्या जनावरांना द्या आणि शेवटची वाढ गाडा. एकरी 4 टन कोवळी, बरसीमचे प्रमाण जास्त असलेली वाढ गाडली, तर सुमारे 15 किलो नत्र, म्हणजे पाऊण गोणी युरियाएवढे, शेतात राहते. ते हळूहळू मिळते, त्यामुळे मक्याचा पेरणीवेळचा हप्ता कमी करू नका. पुढचा हप्ता पिकाचा रंग पाहून कमी करा.

ओट लोंबीवर आल्यानंतर गाडू नका. निबर काड कुजताना जमिनीतलेच नत्र ओढून घेते आणि मक्याची रोपे पिवळी पडतात. गाडल्यावर 10 ते 15 दिवसांनी मका पेरा.

पेरणी करताना

- ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा ही योग्य वेळ.
- एकरी बरसीम 8 ते 10 किलो (वरदान, मेस्कावी) आणि ओट 15 किलो (फुले हरिता).
- बरसीमचे बी मिठाच्या पाण्यात टाका. तरंगणारे कासनी तणाचे बी काढा, चांगले बी स्वच्छ पाण्याने धुवा.
- शेतात पहिल्यांदाच बरसीम असेल, तर तिच्यासाठीचे रायझोबियम चोळल्याशिवाय पेरू नका. हरभऱ्याचे चालत नाही.
- एकरी 200 किलो सिंगल सुपर फॉस्फेट द्या. युरिया बेताने, नाहीतर गाठी आळशी होतात.
- महिन्याने एक रोप मुळासकट काढून गाठ फोडा. आत गुलाबी रंग दिसला तर नत्र बांधले जात आहे.
- पहिली कापणी 50 दिवसांच्या आसपास, पुढच्या 25 ते 30 दिवसांनी.
- कोवळी, दव असलेली बरसीम उपाशी जनावराला घालू नका, पोटफुगी होते. आधी कडबा, मग ओटासह कुट्टी.

कोणी घेऊ नये?

बरसीमला दर 10-12 दिवसांनी पाणी लागते. विहीर जानेवारीत तळ गाठत असेल, तर नुसता ओट घ्या आणि एका-दोन कापण्यांवर थांबा. गोठा नसेल तर हरभरा जास्त परवडतो, त्याचाही बेवड चांगलाच असतो.

कृषी सहायकांनी या हंगामात एखाद्या गोठेवाल्या शेतकऱ्याच्या पाच गुंठ्यांत शेवटची वाढ गाडून पाहावी आणि शेजारच्या पाच गुंठ्यांत ती कापून न्यावी. दोन्हीकडे खत सारखेच द्यावे. एप्रिलमध्ये मक्याची पाने पाहून शेतकरी स्वतःच ठरवेल.