अमेरिकेचे ‘शिक्षण’ आणि दाभोळचा धडा

जून २०२५ मध्ये अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बाँब टाकले, तेव्हा नांदगाव कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर एका पक्षकाराने मला विचारले, “वकीलसाहेब, या लढाईशी आपला काय संबंध?” प्रश्न प्रामाणिक होता. अमेरिकेची ढवळाढवळ म्हणजे दूर कुठेतरी वाळवंटात पडणारे बाँब, असेच आपल्याला वाटते. कारण टीव्हीवर तेवढेच दाखवले जाते. पण ढवळाढवळ फक्त विमानांनी होत नाही, ती करारनाम्यानेही होते. महाराष्ट्राने ती भोगली आहे आणि तिची किंमतही मोजली आहे. तिचे नाव एन्रॉन!

१९९२ मध्ये ही अमेरिकन कंपनी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात वीज प्रकल्प उभारायला आली. जागतिक बँकेने १९९३ मध्ये हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारले. तरीही त्याच वर्षाच्या डिसेंबरात काँग्रेस सरकारच्या काळात वीज मंडळाने करारावर सही केली. वीज घ्या अथवा घेऊ नका, ठरलेले पैसे द्यावेच लागतील आणि हिशेब डॉलरशी बांधलेला राहील, असा तो करार. आमच्या कोर्टात एखाद्या सावकाराने असा कागद आणला असता, तर न्यायाधीशांनी दोनदा चष्मा पुसला असता!

१९९५ मध्ये एन्रॉनच्या उपाध्यक्षा लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सांगितले की, भारतात ‘शिक्षण’ आणि प्रकल्पाची जुळवाजुळव यांवर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. शिक्षण! बाबासाहेबांनी आपल्याला ‘शिका’ सांगितले ते अन्याय ओळखण्यासाठी. हे दुसरे शिक्षण अन्यायाला विकास म्हणायला शिकवणारे होते.

शिवसेना-भाजप युतीने एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची गर्जना करून १९९५ ची निवडणूक जिंकली. जूनमध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने इशारा दिला की, करार मोडला तर इतर खासगी वीज प्रकल्पही धोक्यात येतील. ऑगस्टमध्ये युती सरकारने करार रद्द केला खरा, पण पुढच्या काही महिन्यांतच वाटाघाटी होऊन प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन परत आला. मे १९९६ मध्ये वाजपेयींच्या १३ दिवसांच्या सरकारने जाता जाता केंद्राची प्रतिहमी मंजूर केली. स्वदेशीचा घोष करणाऱ्यांचे हे स्वदेशप्रेम!

विरोध केला तो गावांनी. ३ जून १९९७ रोजी पहाटे पोलीस वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत शिरले. त्यांनी घरांची दारे तोडली आणि बायाबापड्यांना मारहाण केली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी, तर ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये या दडपशाहीवर अहवाल काढले. जगाला मानवी हक्क शिकवणारे वॉशिंग्टन मात्र कंपनीच्या पाठीशीच राहिले. १९९४ ते १९९७ या काळात दिल्लीत अमेरिकेचे राजदूत असलेले फ्रँक विस्नर निवृत्तीनंतर त्याच वर्षी एन्रॉनच्या एका उपकंपनीच्या संचालक मंडळावर गेले. जून २००१ मध्ये उपाध्यक्ष डिक चेनी यांनी विरोधी पक्षनेत्या सोनिया गांधींकडे दाभोळच्या थकबाकीचा विषय काढला. एका वीजबिलाच्या वसुलीसाठी महासत्तेचा उपाध्यक्ष! डिसेंबर २००१ मध्ये खोट्या हिशेबांचा फुगा फुटून एन्रॉनचे दिवाळे निघाले.

मंडळाने वीज घेणे थांबवल्यावर दाभोळची यंत्रे २००१ पासून २००६ पर्यंत गंजत पडली. त्याच वर्षांत आम्ही नांदगाव-मनमाडची पोरे भारनियमनात कंदिलाच्या उजेडात परीक्षेचा अभ्यास करत होतो आणि आमचे बाप रात्री-अपरात्री मोटार चालू करायला विहिरीवर जात होते. चहाच्या टपरीवरच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे!

देश बदलतात, पद्धत बदलत नाही. ऑक्टोबर १९९० मध्ये १५ वर्षांच्या एका कुवेती मुलीने अमेरिकेत रडत सांगितले की, इराकी सैनिकांनी अर्भकांना काचेच्या पेट्यांतून बाहेर काढून मरायला टाकले. पुढे उघड झाले की ती कुवेतच्या राजदूताचीच मुलगी होती आणि एका जाहिरात कंपनीने तिची तयारी करून घेतली होती. तिची साक्ष शपथेवर नव्हती, उलटतपासणीही झाली नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत इराकच्या महासंहारक अस्त्रांचे ‘पुरावे’ मांडले. युद्ध झाले, लाखो माणसे मेली, अस्त्रे सापडली नाहीत.

याचा अर्थ सद्दामचा जयजयकार करा असा नाही. १९८८ मध्ये हलब्जात कुर्दांवर विषारी वायू सोडणारा हाच सद्दाम तेव्हा अमेरिकेला चालत होता. आपले भांडण अमेरिकन जनतेशीही नाही. बाबासाहेब कोलंबियात शिकले, दलित पँथरने नाव घेतले ते तिथल्या काळ्या बांधवांच्या लढ्याकडून. भांडण आहे ते लुटीला लोकशाही म्हणणाऱ्या सत्तेशी आणि तिला दार उघडणाऱ्या आपल्याकडच्या दलालांशी. दाभोळचा करार अमेरिकेने लिहिला असेल, पण सही मुंबईत झाली, प्रतिहमी दिल्लीत आणि लाठी चालवणारे हात इथलेच होते.

ऑक्टोबर १९४३ मध्ये मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे, त्याशिवाय देशाचे औद्योगिकीकरण होणार नाही, असे मांडले होते. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, हे त्यांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये लिहून ठेवले. एन्रॉनला विरोध करण्यासाठी आपल्याला कोणाच्या गर्जनेची गरज नव्हती, हा विचार आपल्या घरातच होता. आपण तो वेळेवर गावोगाव नेला नाही, ही आपलीही चूक कबूल केली पाहिजे.

तेव्हा पुढचे युद्ध टीव्हीवर सुरू होईल, किंवा पुढचा प्रकल्प ‘विकास’ म्हणून तालुक्यात येईल, तेव्हा साक्षीदाराला विचारतात तेच विचारा. सांगणारा कोण? त्याला पैसे कोण देतो? कागद कुठे आहे? बाबासाहेबांनी ‘शिका’ सांगितले ते यासाठीच.