डिझेल कोणी स्वस्त केलं? केंद्राने की राज्याने?

मुंबई-आग्रा महामार्गावरच्या घोटीतून तांदूळ ट्रकने बाहेर जातो. डिझेलचा दर हलला की भाडं हलतं. म्हणून 'आम्ही दर कमी केले' हा दावा इथे तपासून पाहू.

२१ मे २०२२ ला केंद्राने पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपये कर कमी केला. दुसऱ्याच दिवशी ठाकरे सरकारने व्हॅट अनुक्रमे २.०८ आणि १.४४ रुपयांनी घटवल्याचं सांगितलं. आकडे विचित्र वाटतात ना? मुंबईत तेव्हा पेट्रोलवर २६ टक्के, डिझेलवर २४ टक्के व्हॅट होता. ८ रुपयांचे २६ टक्के २.०८. ६ रुपयांचे २४ टक्के १.४४. केंद्राचा कर धरून व्हॅट लागतो, त्यामुळे ही घट आपोआपच होणार होती. घोटीत डिझेलवर २१ टक्के व्हॅट, म्हणजे १.२६ रुपयेच.

भाजपने टीका केली, ती बरोबरच होती. पण केंद्राने मार्च आणि मे २०२० मध्ये मिळून डिझेलवर १६ रुपये वाढवले होते, तेही राज्यांना वाटा न मिळणाऱ्या सेस-अधिभारातून. शिंदे सरकारने जुलै २०२२ मध्ये पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपये खरोखर कमी केले.