उदास दिवसाचा सिनेमा

फौजी माणूस मन रमवायला ‘बॉर्डर’ बघत असेल, अशी गावाकडे बऱ्याच जणांची समजूत आहे. मंडळी, खरं सांगतो, मन खचलेलं असताना आमच्यातले फार थोडे युद्धाचा सिनेमा लावतात. दिवसभर तीच वर्दी, तेच बूट, तेच हुकूम. रात्री पुन्हा तेच कशाला?

सध्या पोस्टिंग बेंगळुरूला आहे. पीस स्टेशन, हवा गार. तरी माझं मत असं की जवानाचं मन फील्डपेक्षा इथेच जास्त उतरतं. फील्डमध्ये काम दुसरं काही सुचू देत नाही. इथे संध्याकाळी रोलकॉल झाला, लंगरचं जेवण झालं, की खाटेवर पडायचं आणि घरचे विषय डोक्यात फिरू लागतात. बांधाचं भांडण, पोरीची फी, आईचा गुडघा. मग चादरीखाली मोबाइल सुरू होतो.

अशा रात्री नवं काही लावू नये. नव्या वेबमालिकेचा प्रत्येक भाग मुद्दाम अर्ध्यावर तोडलेला असतो. आधीच झोप नाही, त्यात दोनाचे तीन वाजतात. इथल्या निम्हान्समध्ये २०१४ पासून मोबाइल-इंटरनेटच्या अतिवापरावर वेगळं क्लिनिक चालतं, आणि २०१८ मध्ये तिथे वेबमालिकांच्या नादाला लागलेला एक बेरोजगार तरुण उपचाराला आल्याची बातमी गाजली होती.

त्यापेक्षा पाठ असलेलं बघावं. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा, माझ्या कितीदा बघून झालाय ते मोजलेलं नाही. पुण्यात भाड्याची खोली मिळेना म्हणून चौघांची धडपड; दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या आम्हा लोकांना ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पुढे काय होणार हे माहीत असतं, त्यातच निम्मा आराम आहे. दुसरी माझी पसंती ‘मालगुडी डेज’. शंकर नाग यांनी ती शिवमोग्ग्याजवळच्या आगुंबेत चित्रित केली. हा माणूस मुंबईत असताना मराठी रंगभूमीवर रमला होता, ‘२२ जून १८९७’ च्या पटकथेतही त्याचा हात होता. स्वामीची शाळा, त्याची आजी, परीक्षेची भीती, एवढंच. कुणी मरत नाही की कुणी देश वाचवत नाही. आणि शक्यतो बरॅकच्या टीव्हीवर चौघांत बसून बघावं. तमिळ, गढवाली पोरांना भाषा कळली नाही तरी साडी नेसलेला लक्ष्या कळतो.

पण सिनेमा औषध नव्हे. आमच्यातला एक पोरगा रोज तोच विनोदी सिनेमा लावायचा आणि हसायचा नाही. जेवण कमी झालेलं, घरचा फोन उचलत नव्हता. शेजारच्या खाटेवाल्यानं हे हेरलं, टीव्हीनं नव्हे. अशा वेळी १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. सैन्यदलांसाठी पुण्याच्या एएफएमसीत डिसेंबर २०२३ पासून वेगळा कक्षही आहे. मेडिकल कॅटेगरी खाली जाईल, बढती अडेल, ही भीती मी खोटी म्हणणार नाही. प्रत्येक बरॅकमध्ये ती आहे. म्हणूनच सीनियरनं आधी स्वतः विचारावं, तेही सगळ्यांसमोर नव्हे. त्या पोराला आमच्या उस्तादांनी चहाला बाहेर नेलं आणि नंबर त्याच्याच मोबाइलवरून लावून दिला. बोलणं संपेपर्यंत ते गेटजवळ उभे होते.