दाराशी नदी आणि दूरची सहल

निसर्गशिक्षण या शब्दाला हल्ली बरे दिवस आले आहेत. पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील शाळा वर्षातून एकदा बस ठरवतात, मुलांच्या डोक्यांवर एकसारख्या टोप्या चढवतात आणि भीमाशंकरची वाट धरतात. १९८५ साली घोषित झालेले, सुमारे १३० चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य म्हणजे शेकरूचे घर. वाटाड्या बोट वर करतो, मुले आरडाओरडा करतात, वरची फांदी हलते आणि रिकामी होते. दुसऱ्या दिवशी दुकानातून आणलेले शेकरूचे चित्र प्रकल्पवहीत चिकटते आणि निसर्गाचे खाते वर्षभरासाठी बंद होते.

वाचकहो, सहलीला माझा विरोध नाही. विरोध आहे तो तिला शिक्षण म्हणण्याला. आपल्या शहरातून वाहणारी पवना कोठून येते आणि दापोडीला कोणत्या नदीस मिळते हे ज्या मुलाला ठाऊक नाही, त्याला अभयारण्य दाखवणे म्हणजे अक्षरओळख नसलेल्याच्या हाती ग्रंथ देणे होय. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावयास सांगितले आणि २००३ मध्ये पुन्हा बजावले. आपण काय केले? पुस्तक छापले, गुण ठरवले. नदी मात्र वर्गाबाहेरच राहिली.

या निरक्षरतेची किंमत मोजावी लागते. मे २०२५ मध्ये चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार महापालिकेने पाडले. निळी पूररेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पाण्याची मर्यादा. ती घरे विकणाऱ्यांची आणि उभी राहू देणाऱ्यांची जबाबदारी अर्थातच मोठी आहे. परंतु तेथे आयुष्याची पुंजी ओतणारी माणसे काही अंगठेबहाद्दर नव्हती. पाणी कोठवर चढते, ही साधी गोष्ट त्यांना नदीकाठी उभे करून कोणत्या शाळेने शिकवली होती?

येथे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाऊ यांची आठवण होते. मुंबईच्या सेंट झेविअर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे हे येशूसंघीय धर्मगुरू पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. पण त्यांचे गाजलेले काम कोणते? एकट्या खंडाळ्याच्या वनस्पतींवरील, १९५३ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ. त्याच घाटात पुनःपुन्हा जाऊन, तेच उतार निरनिराळ्या ऋतूंत पाहून तो सिद्ध झाला. एक जागा आणि अनेक फेऱ्या, ही खरी निसर्गफेरी. आपल्याकडे अनेक जागा आणि प्रत्येकी एकच फेरी असा उलटा हिशेब चालतो.

जागांचा तुटवडा तर मुळीच नाही. निगडीची दुर्गा टेकडी आहे, घोरावडेश्वर आहे, देहूजवळचा भंडारा आहे, चाकणच्या कारखान्यांशेजारी भामचंद्र आहे. यांतील शेवटचे तीन डोंगर तुकोबांच्या चिंतनाशी जोडलेले. महिन्यातून एकदा त्याच टेकडीवर नेलेले मूल जूनमध्ये उगवलेले गवत ऑक्टोबरात वाळलेले पाहील आणि नवे कुंपण कोठवर सरकले हेही पाहील. कदाचित हे शेवटचे कोणाला नकोच असेल.

'नदी घाण आहे, मुलांना तेथे कशाला न्यावयाचे?' असे पालक विचारतात. पाण्यात उतरवू नका. पुलावर उभे करा. आळंदीत इंद्रायणीवर गेली काही वर्षे वारंवार दिसणारा पांढरा फेस म्हणजे घरोघरच्या साबणाचे सांडपाणी आणि कारखान्यांतून प्रक्रियेविना सुटलेली रसायने. जलपर्णी माजते ती याच सांडपाण्यावर. यातले निम्मे पाप आपल्या मोरीतून निघते, हे मुलाला कळू नये म्हणून तर आपण त्याला दूरच्या रानात नेत नाही ना?

वाटाड्यांचीही वाण नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली तेव्हापासून हे गाव कामगारांचे आहे. कारखान्यात जाणारे पाणी कसे असते आणि बाहेर पडणारे कसे, हे कितीतरी मुलांच्या बापांना ठाऊक आहे. पण त्यांना शाळा फक्त स्नेहसंमेलनाच्या वर्गणीपुरती आठवते.

आणि बस ठरवावयाचीच असेल तर एकदा तुळापूरला न्यावी. भीमाशंकरला उगम पावलेली भीमा आणि आळंदीवरून आलेली इंद्रायणी तेथे एकमेकींस मिळतात. मुलांना दोन्ही पाणी शेजारी शेजारी पाहू द्यावे. ती जे विचारतील त्याची उत्तरे द्यावयास सांडपाणी विभागातील एखाद्या अभियंत्यालाही त्याच बसमध्ये घ्यावे.