बंधाऱ्याची दारे आणि अंदाजपत्रकाचे रकाने

धरण आणि वळण बंधारा यांतील भेद सर्वसाधारण वाचकाच्या ध्यानात नसतो. खरे सांगायचे तर तो अनेक प्रशासकांच्याही ध्यानात नसतो. धरण पाणी साठवते. वळण बंधारा किंवा बॅरेज नदीची पातळी काही फूट उंचावून वाहते पाणी कालव्याच्या मुखात वळवतो. उद्घाटनाच्या छायाचित्रात शोभेल अशी उंच भिंत त्याला नसते. परंतु त्याची दारे ऐन हंगामात निकामी झाली तर खालचे लाखो एकर लाभक्षेत्र अडचणीत येते, कारण तूट भरून काढण्यासाठी त्याच्यामागे साठा असा जवळजवळ नसतोच. अशा रचनांच्या देखभालीकडे पाहण्याची आपल्या शासनव्यवस्थेची दृष्टीच सदोष आहे, असे माझे मत आहे.

तिरुचिरापल्लीच्या वरच्या बाजूस मुक्कोम्बू येथे कावेरी दुभंगते. कोल्लिडम या फाट्याचे पात्र अधिक उताराचे. त्यामुळे पाणी तिकडे धावे आणि तंजावरच्या भातशेतीला पोसणारी मूळ कावेरी गाळाने भरून जाई. 1836 साली आर्थर कॉटन या अभियंत्याने कोल्लिडमच्या तोंडाशी बंधारा घालून हे पाणी कावेरीकडे राखले. वाळूत पाया कसा घालावा, हा धडा त्याने थोड्याच अंतरावर असलेल्या कल्लनै या करिकाल चोळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन बंधाऱ्याकडून घेतला होता. पुढे 1847 ते 1852 या काळात त्याने गोदावरीवर धवळेश्वरम येथे बंधारा बांधला. दुष्काळाने पिचलेला तो त्रिभुज प्रदेश भाताचे कोठार झाला. आज तेथे 175 दारांचे बॅरेज उभे असून सुमारे 10 लाख एकर जमीन त्यावर अवलंबून आहे.

आता याच इतिहासाची दुसरी बाजू पाहू. 22 ऑगस्ट 2018 च्या रात्री मुक्कोम्बूच्या बंधाऱ्याची नऊ दारे वाहून गेली. रचना 182 वर्षांची झाली होती, हे कारण सांगण्यात आले, आणि नव्या बांधकामासाठी चारशे कोटी रुपयांच्या घरातील खर्च जाहीर झाला. हे कारण मला पटत नाही. वय ही काही अचानक कोसळणारी आपत्ती नव्हे. ते खात्याच्या दप्तरात पहिल्या दिवसापासून नोंदलेले असते. विजयवाड्याजवळील कृष्णेचा बंधारा 1855 साली पूर्ण झाला आणि 1952 साली फुटला; त्यानंतर 1957 साली प्रकाशम बॅरेज उभे राहिले. म्हणजे इशारा सहा दशकांपूर्वीच मिळाला होता.

रचना तुलनेने नवी असली म्हणून ती सुरक्षित असते, असेही नाही. 1954 च्या भारत-नेपाळ करारानुसार बांधलेले कोसी बॅरेज साडेनऊ लाख क्युसेकचा पूर पेलण्यासाठी आखलेले आहे. 18 ऑगस्ट 2008 रोजी त्याच्या वरच्या अंगाचा तटबंध कुसहा येथे फुटला, तेव्हा नदीत दीड लाख क्युसेकहूनही कमी पाणी होते. तीस लाखांच्या आसपास लोक बाधित झाले. अशा घटनेला दैवी कोप म्हणणे म्हणजे देखभालीच्या अभावाला देवाच्या नावाने पावती देणे होय.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला याचे मूळ हिशेबाच्या पद्धतीत दिसते. आपले सरकारी लेखे रोखीच्या तत्त्वावर चालतात; मालमत्तेची झीज त्यांत कोठेच नोंदली जात नाही. यंदा दारांना रंग दिला नाही, साखळ्यांना वंगण घातले नाही, तर लेख्यात ती बचत दिसते; रचनेतील झीज मात्र कोणत्याच रकान्यात येत नाही. त्यात योजना आणि योजनेतर खर्च असा भेद आपण 2017 पर्यंत जोपासला. देखभाल योजनेतर, म्हणून काटकसरीची पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडे. भेद कागदावरून गेला. मनोवृत्ती गेली, असे म्हणवत नाही. नव्या प्रकल्पाच्या प्रस्तावावर तासभर खल आणि देखभालीच्या बाबीवर दोन मिनिटे, अशा बैठकांना मी अनेकदा बसलो आहे.

दुसरे मूळ पाणीपट्टीत आहे. पाण्याच्या दरातून निदान चालवण्याचा व देखभालीचा खर्च निघावा, असे 1987 च्या राष्ट्रीय जलनीतीने म्हटले. 1992 च्या वैद्यनाथन समितीनेही तेच सांगितले. राज्यांनी ते मनावर घेतले नाही. शेतकरी गरीब आहे, हा आक्षेप मी हलका मानत नाही. परंतु तोच शेतकरी कालव्याचे पाणी न आल्यास डिझेल जाळून पंप चालवतो. त्याला खटकते ते पैसे भरूनही पाणी न येणे. भरलेली पट्टी राज्याच्या सामान्य तिजोरीत विरून जाणार असेल, तर त्याने ती आनंदाने का भरावी?

या संदर्भात खानदेशातील फड पद्धतीचे स्मरण होते. पांझरेसारख्या नद्यांवरील छोटे बंधारे गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवले. पाटकरी पाणी देई, जागल्या पिकाची राखण करी आणि पाट साफ करण्याचे काम लाभधारकांवर वाटून दिलेले असे. पाणी घेणारा आणि बंधारा राखणारा एकच होता, हे त्या व्यवस्थेचे मर्म. धवळेश्वरमचे बॅरेज गावकीने चालवावे, असे मी सुचवत नाही; पण लाभ आणि जबाबदारी यांची ती गाठ मोठ्या रचनांतही बांधता येईल.

त्यासाठी तीन गोष्टी कराव्यात. वसूल झालेल्या पाणीपट्टीचा ठरावीक हिस्सा त्याच कालव्याच्या शीर्षकामांसाठी राखून ठेवावा. प्रत्येक बंधाऱ्याचा पावसाळ्यापूर्वीचा तपासणी अहवाल लाभक्षेत्रातील गावांत जाहीर वाचला जावा. जुन्या रचनांच्या देखभालीची तरतूद केल्याचा दाखला दिल्याशिवाय नव्या प्रकल्पाला केंद्राचे साहाय्य मिळू नये. धरण सुरक्षा कायदा, 2021 च्या व्याख्येत बॅरेज व बंधारे समाविष्ट आहेत, ही स्वागतार्ह बाब आहे. परंतु दहा मीटरांहून कमी उंचीच्या रचना त्याच्या कक्षेबाहेर राहतात, आणि वळण बंधारे बहुधा बुटकेच असतात.

सिंचन हा राज्यांचा विषय आहे, हे घटनेने स्पष्ट केले आहे. पण निधी देताना अट घालण्याचा अधिकार केंद्राकडे आहे आणि तो वापरावा. नऊ दारे वाहून गेल्यावर चारशे कोटी सापडतात. ती जागेवर राहावीत म्हणून दरवर्षी थोडी रक्कम सापडत नाही, हे कोणत्याही अर्थशास्त्रात बसत नाही.