अठरा तासांचा हिशेब

नागपुरात सक्करदरा चौकातून रेशीमबागेकडे जा, नाही तर मानेवाड्याकडे. अभ्यासिकेची पाटी कुठे ना कुठे दिसतेच. आत प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात दिवा आणि चार्जिंगची सोय, भिंतीवर ‘शांतता राखा’. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडची मुलंमुली महिन्याचे पैसे भरून इथं राज्यसेवा, पोलीस भरती, नीटच्या तयारीला बसतात. एकमेकांना विचारायचा प्रश्न ठरलेला असतो: आज किती तास झाले? दहा सांगणारा खुशीत, सहा सांगणारा ओशाळलेला. गावाहून वडिलांचा फोन येतो, तेही तेच विचारतात. पुढचा सगळा घोळ या प्रश्नातून सुरू होतो.

अभ्यासिकेवर तोंडसुख घेणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही, पाहुणे आणि धाकटी भावंडं असताना मुलीला पुस्तक उघडायला कोपरा मिळत नाही. अभ्यासिका तिला तो देते. तेव्हा तक्रार जागेबद्दल नाही, त्या जागेत अभ्यास म्हणून जे चालतं त्याबद्दल आहे. तेच प्रकरण चौथ्यांदा वाचलं जातं, हायलायटरनं पानं पिवळी होतात, नोट्सवरून आणखी छोट्या नोट्स काढल्या जातात. तासांच्या वहीत हे सगळं जमेच्या बाजूला पडतं.

ते तिथं पडू नये, याला पुरावा आहे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला. दुसरा उतारा मात्र एकदा वाचून झाल्यावर, न बघता आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा सरस ठरला: ८१ टक्के आठवला, लिहून काढलेला ७५ टक्के. ज्यांची परीक्षा आठवड्यानंतर झाली, त्यांच्यात चित्र उलटलं. पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के उरलं, लिहून काढलेल्यातलं ५६ टक्के. मुलं पुनर्वाचनाला का चिकटून राहतात, हेही या आकड्यांतून कळतं. पुस्तक मिटल्यावर पाच मिनिटं सगळं येतंय असंच वाटतं, आणि त्या भरवशावर पुढचं प्रकरण उघडलं जातं. पुढे २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा रीती संशोधनाच्या कसोटीवर तपासल्या. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांच्या अंतरानं विभागणं, या दोनच रीतींना त्यांनी सर्वांत वरचं स्थान दिलं. अधोरेखन आणि पुनर्वाचन तळाच्या गटात गेले.

यावर पहिला आक्षेप येतो तो मोठ्या नावाचा आधार घेऊन. बाबासाहेब अठरा तास अभ्यास करत, मग तास मोजायचे नाहीत तर काय मोजायचं? दीक्षाभूमीच्या शहरात हा प्रश्न आदरानंच ऐकला पाहिजे. १४ एप्रिलच्या सुमारास महाराष्ट्रातल्या कितीतरी वाचनालयांत आणि महाविद्यालयांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. त्यामागची कृतज्ञता खरी आहे. बाबासाहेबांचे कष्टही खरे. परळच्या चाळीतल्या एका खोलीत रामजी सुभेदार रात्री दोनला मुलाला उठवत आणि तो दिव्याच्या उजेडात वाचत बसे. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात त्यांनी अर्धपोटी दिवसचे दिवस काढले.

पण अर्धंच चरित्र का घ्यायचं? ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला. एकट्यानं वाचून जे हाती आलं ते त्यांनी जाणकारांसमोर ठेवलं. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध त्यांनी १९२२ मध्ये लंडनला सादर केला, तेव्हा परीक्षकांनी आक्षेप घेतले. त्यांनी तो पुन्हा बेतला आणि १९२३ मध्ये तो मान्य झाला. ग्रंथालयातला एकांत आणि सेमिनारमधली मांडणी मिळून तो विद्यार्थी घडला. आपण तास तेवढे उचलले आणि सेमिनार विसरलो.

दुसरा आक्षेप अभ्यासिकांत सर्रास ऐकू येतो: ग्रुप स्टडी म्हणजे टाइमपास. यात तथ्य आहे. कोणीच काही वाचून आलेलं नाही आणि चौघं पुस्तक मधे ठेवून बसले, तर अर्ध्या तासात विषय कट-ऑफवर जातो आणि तिथून चहाच्या टपरीवर. पण हा दोष सोबतीचा नाही, क्रमाचा आहे. १९७० च्या दशकात युरी ट्राइसमन यांनी कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा अभ्यास जवळून पाहिला. ती मुलं आळशी नव्हती. सांगितलेले तास ती इमानानं भरत होती, पण एकटीच. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी एकेकटे गणितं सोडवत, मग एकत्र बसून उत्तरं ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत. जे गणित कोणालाच सुटत नाही ते खरोखर अवघड आहे, हे त्यांना कळे; एकट्या मुलाला मात्र आपणच कमी पडतो असं वाटत राही. ट्राइसमन यांनी त्या मुलांसाठी अवघड गणितांच्या सामूहिक कार्यशाळा उभारल्या आणि त्यांत आलेल्यांची कामगिरी ठळकपणे सुधारली.

त्यासाठी बर्कलीलाच जायला हवं असंही नाही. सक्करदऱ्यातच शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि तिथं शिकवल्या जाणाऱ्या चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, ज्ञान मिळवण्याचे तीन उपाय दिले आहेत: अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा, म्हणजे त्याच विद्येच्या जाणकारांशी चर्चा. अध्ययनासाठी चरक पहाटे उठून स्वच्छ, सपाट जागी बसायला सांगतात. अर्थ बुद्धीत उतरवत पुन्हा पुन्हा घोकायला सांगतात. एकांताला ते कमी लेखत नाहीत. पण तिथंच थांबतही नाहीत. चर्चेनं शंका फिटतात, ऐकलेलं पक्कं होतं, बोलण्याचं सामर्थ्य वाढतं, असं त्यांचं प्रतिपादन आहे. ही चर्चा स्नेहानं करायची की वादाच्या ईर्षेनं, याचाही भेद त्यांनी केला आहे. स्नेहाच्या चर्चेत हरण्याची भीती न बाळगता विचारावं आणि विचारलं तर मोकळेपणानं सांगावं, असा त्यांचा आग्रह आहे.

हा मोकळेपणाच नेमका कप्प्यांतून हरवला आहे. शेजारचा स्पर्धक, मग त्याला नोट्स कशाला दाखवायच्या? पण राज्यसेवेला राज्यभरातून लाखोंनी अर्ज येतात. शेजारच्या तिघांना चार मुद्दे सांगितल्यानं कोणाची जागा जात नाही. सांगणाऱ्याला मात्र आपल्याला कुठं येत नाही ते सांगतानाच कळतं. आणि आता तर दुसरी वाटही उरलेली नाही. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. विद्यार्थ्यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्यात आंदोलन केलं म्हणून हा बदल दोन वर्षं पुढे गेला होता. चार पर्यायांतला एक निवडण्याचा सराव एकट्यानं होत असेलही. पण आपलं उत्तर दुसऱ्याला पटतं का, हे दुसऱ्यानं वाचल्याशिवाय कसं कळणार?

म्हणून अभ्यासिकांच्या मालकांकडे आणि वाचनालयं चालवणाऱ्यांकडे एक मागणी करायला हवी. शांत दालन तसंच राहू द्या. त्याच्या जोडीला बोलण्याची एक खोली द्या, तीत फळा लावा. चौघांनी सकाळी आपापल्या कप्प्यात एकाच जुन्या प्रश्नाचं उत्तर पुस्तक मिटून लिहावं. संध्याकाळी तासभर त्या खोलीत बसून वह्या बदलाव्यात, चुका लाल शाईनं दाखवाव्यात आणि ज्याला उमगलं त्यानं फळ्यावर समजावून सांगावं. लिहून न आलेल्याला त्या दिवशी आत घेऊ नये. आठ दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा कोऱ्या कागदावर घ्यावा.